छातीवरची लाल रेघ

मे महिन्यात भर दुपारी कुरिअरवाल्यानं बेल वाजवली. ग्वाल्हेरात मे महिन्यात दुपारी बेल वाजली की माणूस आधी मनात शिव्या देतो आणि मग दार उघडतो. मीही दिल्याच. बाहेर लू अशी वाहत होती की दाराची कडी हाताला चटका देत होती. "आंटी जी, ओटीपी बताइए," तो म्हणाला. ओटीपीसाठी फोन, फोनसाठी चष्मा, आणि चष्मा कुठे ठेवलाय ते आठवायला पाच मिनिटं. तोवर तो बिचारा उन्हात उभा. त्याला दोन ग्लास पाणी पाजलं आणि खोकं आत घेतलं.

खोक्यावर एक भलामोठा रोबोट. हातात तलवार, पाठीला पंख, कपाळावर शिंगं, आणि चारी बाजूंनी जपानी अक्षरं. मला वाटलं, कुणाचं तरी पार्सल चुकून आमच्याकडे आलं. आमच्या घरात सगळ्यात लहान माणूस म्हणजे मी, आणि मला त्रेसष्ट पूर्ण झालेली.

तेवढ्यात लेकीचा फोन. ती हैदराबादला नोकरी करते आणि तिचं बोलणं मराठीत सुरू होऊन हिंदीत संपतं. "आई, आलं का पार्सल? बाबांसाठी आहे ते. प्लास्टिकचे सुटे पार्ट असतात, ते जोडायचे आणि मग रंगवायचे. तू लगेच नको ना सुरू होऊस, पहले सुन तो लो."

"अगं, बाप अडुसष्ट वर्षांचा आहे तुझा," मी म्हटलं. "नातवाला द्यायचं ते आजोबाला देतेस? आणि नातू कुठाय, ते तरी सांग."

"आई, विषय बदलू नकोस. हाताला काम मिळावं म्हणून पाठवलंय. डॉक्टर काय म्हणाले होते, विसरलीस का?"

विसरायला काय, डॉक्टरांचं वाक्य मला आरतीसारखं पाठ होतं.

आमचे हे ड्राफ्ट्समन. हल्ली ड्राफ्ट्समन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. सरकारी कचेरीत कालव्यांचे, पुलांचे, धरणाच्या दरवाजांचे नकाशे काढायचे; उतरत्या टेबलावर कागद ताणून, शाईच्या पेननं, आणि एक रेघ चुकली की ब्लेडनं खरवडून. लग्न ठरत होतं तेव्हा माझा मामा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जाऊन चौकशी करून आला. आई म्हणाली, "मुलगा कसा आहे?" मामा म्हणाला, "स्वभावाचं काही कळलं नाही, पण रेघ सरळ आहे." एवढ्यावर मला देऊन टाकली. पुढे कॉम्प्युटर आले, तरी साहेब लोक अवघड नकाशा यांच्याच टेबलावर आणून ठेवायचे. घरातसुद्धा भिंतीवर खिळा ठोकायचा तर आधी पट्टी आणि पेन्सिल. मी वैतागायची, पण मनातून मला त्या हाताचा अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी त्या हाताचा अंगठा आपला आपण हलायला लागला. वर्तमानपत्र वाचत बसले की कागद वाजायचा. "अहो, पंखा बंद करू का?" मी विचारायची. पंखा बंदच असायचा. मग डॉक्टर, मग तपासण्या, मग नाव कळलं: कंपवात. डॉक्टर तरुण होते. यांच्या हाताकडे न बघता डोळ्यांकडे बघून म्हणाले, "अंकल, हाथ को काम पर लगाए रखिए. छुट्टी मत दीजिएगा, लौटकर नहीं आएगा."

आणि छुट्टी मिळाली ती एका लग्नाच्या पंगतीत. आता पंगती राहिल्यात कुठे, सगळीकडे हातात थाळी घेऊन रांगा. पण त्या घरानं हौसेनं पाट मांडले होते, महिरपी काढल्या होत्या. यांनी मठ्ठ्याची वाटी उचलली, आणि ती तोंडापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या गृहस्थांच्या टसरच्या कुर्त्यावर रिकामी झाली. ते गृहस्थ चांगले. "असू द्या हो, असू द्या," म्हणत राहिले. पण समोरच्या रांगेतल्या बायका जेवायच्या थांबल्या होत्या. ऑटोतून परत येताना बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत आम्ही अडकलो होतो. मी म्हटलं, "आता काही दिवस नको जायला कुठे." हे "बरं" म्हणाले.

काही दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली. लग्नं गेली, मुंजी गेल्या, गणपतीतली व्याख्यानं गेली. बँकेत सही जुळेना म्हणून तिथं जाणं संपलं. यांची धाकटी बहीण, माझी नणंद, मुरारला राहते. ऑटोनं अर्धा तास. तिच्याकडे भाऊबिजेलासुद्धा हे गेले नाहीत. ओवाळणीची साडी मी एकटी नेऊन द्यायची. कुणी विचारलं तर माझ्याकडे कारणं तयार असायची: बीपी आहे, गुडघा धरलाय, ऊन सोसत नाही. ग्वाल्हेरच्या उन्हावर काहीही खपतं. नणंद कधी घरी आली तर हे आतल्या खोलीत शाल पांघरून पडून असायचे, आणि मी ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "आत्ताच डोळा लागलाय."

हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. हेही बोलेनासे झाले. दिवसभर खुर्चीत, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. बाहेरच्या जगातून माणूस नाहीसा झालाच होता. एक दिवस घरातल्या घरातही होईल, याची मला खरी भीती वाटत होती. त्या भीतीत ते रोबोटचं खोकं आलं.

"मला काय बाळ समजते ती?" खोकं बघून हे म्हणाले. मी ते फ्रिजवर ठेवून दिलं. आठ दिवस तिथंच पडलं होतं.

मग एका सकाळी मी आंघोळ करून येते तो जेवणाच्या टेबलावर खोकं उघडलेलं. आतला माहितीचा कागद अंथरून हे त्यावर वाकलेले, नाक जवळजवळ कागदाला लागलेलं.

"अगं, इकडे ये. हे बघ."

मला वाटलं काहीतरी तुटलं. "काय झालं?"

"एक अक्षर कळत नाही, पण ड्रॉइंग बघ कसलं आहे! प्रत्येक भाग सुटा करून दाखवलाय, आणि कुठला कुठे बसतो त्याची बारीक रेघ काढलीय. बाहेरची कड जाड, आतली पातळ. कुठे गर्दी नाही, गोंधळ नाही. वा! हा कोणी आपल्यातला माणूस आहे."

"जपानात आपल्यातला कुठून येणार?"

"ड्राफ्ट्समन गं," हे म्हणाले, आणि चिडून माझ्याकडे बघितलं. त्या चिडण्यानं मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कितीतरी महिन्यांनी ते माझ्यावर चिडले होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सकाळी नऊची गोळी घेतली की दहा ते साडेअकरा हात त्यातल्या त्यात ऐकायचा. तेवढ्या वेळात खिडकीपाशी टेबल ओढायचं, वर पांढरा टॉवेल पसरायचा, म्हणजे बारीक भाग घरंगळत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटींना ते भाग लटकलेले असतात, डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे. चौकटीवरचा नंबर बघायचा, भाग कापून काढायचा आणि कागदात दाखवलंय तिथं दाबून बसवायचा. नीट बसला की टक् असा आवाज येतो. डिंक लागत नाही. पहिले दिवस हे माझ्या नेलकटरनं कापायचे. कापलं तिथं पांढरे ओरखडे पडले. लेकीला कळलं तशी तिनं बारीक कटर पाठवून दिलं. "आई, नेलकटर? हे भगवान!" म्हणाली.

पहिल्या दिवशी चार भाग बसले. दुसऱ्या दिवशी दोनच, कारण एक उलटा बसला आणि तो काढण्यात दीड तास गेला. भाग हातातून निसटायचे. हे खाली वाकून शोधायचे, सापडला की पुन्हा. मी शेजारी बसून भाजी निवडायची. मदत करावीशी वाटायची, बोटं नुसती शिवशिवायची, पण डॉक्टरांचं वाक्य आठवून मी मेथीत लक्ष घालायची. साडेअकराला हात कचेरी बंद करायचा. मग हे निमूटपणे टॉवेलची घडी घालून ठेवायचे.

एक दिवस कपाळावरचं शिंग हरवलं. तांदळाच्या दाण्याएवढं. मी केर चाळला, टॉवेल झटकला, निवडलेली सगळी मेथी परत निवडली. "गिळलं तर नाही ना तुम्ही गोळीबरोबर?" मी म्हटलं. हे गंभीरपणे म्हणाले, "तसं असेल तर आता मला कपाळावर शिंग फुटेल." आणि हसले. मीही हसले. शिंग यांच्या सदऱ्याच्या खिशात निघालं. मला वाटतं त्या दिवसापासून हे परत बोलायला लागले. कुठल्या धरणाच्या साइटवर तंबूत साप निघाला होता, कुठल्या साहेबानं नकाशा उलटा धरून सही ठोकली होती, सगळ्या जुन्या गोष्टी. मी ऐकलेल्याच होत्या, तरी मी हुं हुं करायची.

जुलैत रोबोट पायांवर उभा राहिला. वीतभर उंच. "उभा राहिला गं!" हे बाहेरच्या खोलीतून ओरडले. मी कुकर सोडून धावले.

पण एवढ्यावर यांचं समाधान होईना. म्हणाले, "जोडला तरी तो त्यांचाच. रंगवला तर माझा." छाती पांढरीफटक होती, तिच्यावर यांना एक लाल पट्टा हवा होता, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेपर्यंत आणि तसाच मागे पाठीवरून वर. कागदात असलं काही नव्हतं. मी म्हटलं, "अहो, रोबोटची मुंज लावताय का? जानवं घालताय त्याला?" हे म्हणाले, "आठ वर्षांचा होईपर्यंत थांबू म्हणतेस?"

रंग मी बाड्यावरून आणला, छोट्या बाटल्यांमधला. लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, दोन्ही बाजूंनी कागदी टेप लावा, मध्ये रंग भरा, टेप काढा, एकदम सीधी लाइन." यांनी साफ नकार दिला. "टेप लावून रेघ मारायची तर हात कशाला हवा?"

पाच दिवस लागले त्या रेघेला. समोरचे तीन, पाठीचे दोन. ब्रश टेकवायच्या आधी हे श्वास रोखून धरायचे आणि त्यांच्याबरोबर मीही. कोपर टेबलावर, मनगट एका जाड पुस्तकावर, तरी ब्रशचं टोक आपलं नाचायचंच. पाचव्या दिवशी हे मागे रेलले, चष्मा काढला आणि म्हणाले, "जमलं."

मी बघितलं. रेघ कुठे जाड, कुठे पातळ. बरगडीपाशी एक थेंब ओघळलेला. खांद्याजवळ पट्टा चक्क वळसा घेऊन परत आला होता. "छान," मी म्हटलं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांचे मुखवटे रंगवणं हे या घरात माझं काम. सासूबाईंनी माझा हात बघून माझ्याकडे सोपवलं ते आजतागायत. दर दोन-तीन वर्षांनी मुखवट्यांचा रंग उडतो, मग श्रावणात ते काढायचे, जुना रंग पुसून अगदी शाडूपर्यंत यायचं आणि सगळं नव्यानं रंगवायचं: गाल, ओठ, भुवया, शेवटी डोळे. जुन्यावर नवा रंग चढवायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "न धुतलेल्या तोंडाला पावडर लावू नये." नात्यातल्या चार घरांचे मुखवटेही माझ्याकडेच येतात. वाकडी भुवई मला सहन होत नाही. दुसऱ्याच्या घरातली वाकडी भुवईसुद्धा मी मनातल्या मनात सरळ करते. स्वभावाला औषध नाही.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी मी मखराला कागद चिकटवत होते. हे येऊन उभे राहिले. "यंदा महालक्ष्म्यांपुढे याला ठेव."

महालक्ष्म्यांपुढे घरात केलेलं सगळं मांडायची रीत आहे: फराळ, विणकाम, मुलांची खेळणी, कुणी काही बनवलं असेल ते. "ठेवू की," मी म्हटलं.

"आणि मी त्या दिवशी बाहेरच बसणार आहे," हे म्हणाले. "आत नाही."

खरं तर मी आनंदानं नाचायला हवं होतं. दोन वर्षं मी देवाकडे दुसरं काय मागत होते? पण मी हातातला कागद खाली ठेवला आणि मनात पाहुण्या मोजायला लागले. संध्याकाळी हळदीकुंकवाला तीस-चाळीस बायका येणार. नणंद येणार, आणि तिची नजर म्हणजे घारीची. ती रोबोट बघणार आणि म्हणणार, कुठल्या पोरानं रंगवलंय गं हे? कुणीतरी हसणार. मग सगळ्या त्या रेघेवरून यांच्या हाताकडे बघणार. हे परत आत जातील, आणि या खेपेला कायमचे. माझ्या डोळ्यांपुढे ती पंगत उभी राहिली. मनात म्हटलं, नाही, पुन्हा नाही होऊ द्यायचं असं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी रोबोट उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. करोनातली सॅनिटायझरची बाटली अजून कपाटात होती. त्यानं असला रंग निघतो हे मला ठाऊक होतं, मागे बांगडीवर सांडलेला काढला होता. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर दोन थेंब घेतले आणि छातीवर फिरवले. रंग भराभर सुटला. तीन दिवसांचं काम चार काड्यांवर आलं. एक क्षण हात थांबला माझा, नाही असं नाही. पण सवय फार वाईट. समोर पुसून स्वच्छ केलेलं पांढरं दिसलं की माझा हात आपोआप ब्रशकडे जातो. भुवयांचा बारीक ब्रश घेतला, लाल रंग घेतला, श्वास न रोखता खांद्यापासून कमरेपर्यंत रेघ ओढली. एका दमात. ताणलेल्या दोरीसारखी सरळ. पाठीकडची तशीच सोडली, कारण ती मखराच्या बाजूला जाणार, तिकडे कोण बघतंय?

आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, यांची लाज राखली मी.

रोबोट मी मखरात वरच्या पायरीवर ठेवला, करंज्यांच्या ताटामागे, यांना लांबूनच दिसेल असा. हे उठले, दुरून बघितलं, म्हणाले, "शोभतोय." मी पुरणाचा गॅस बारीक करायला आत पळाले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, जेवणं झाली आणि संध्याकाळी बायका यायला लागल्या. हे दिवाणखान्यात, खिडकीजवळच्या खुर्चीत. धुतलेलं धोतर, सदरा, मांडीवर उपरणं आणि उपरण्याखाली उजवा हात. येईल ती म्हणायची, "अय्या, भावोजी! किती दिवसांनी!" शेजारच्या गुप्ताइनींसारख्या दोघी-तिघी हिंदीवाल्याही होत्या, त्या म्हणायच्या, "अंकल जी, आप तो दिखते ही नहीं!" हे मान हलवायचे, हसायचे. तोंडावर रंग आला होता. मी हळदीकुंकू लावता लावता एक डोळा तिकडे ठेवून होते, आणि मनात म्हणत होते, निभावलं, निभावलं.

नणंद उशिरा आली. दोन्ही गुडघे गेलेत तिचे, पायऱ्या चढता चढता दम लागलेला. दारातूनच तिला हे दिसले आणि ती थबकली. "दादा," एवढंच म्हणाली. जवळ मात्र गेली नाही. आधी महालक्ष्म्यांपुढे वाकली. डोकं वर केलं ते रोबोटपुढेच.

"हे काय गं वहिनी?"

"यांनी केलंय," मी म्हटलं. "जोडलं, रंगवलं, सगळं यांनीच."

तिनं तो उचलला. चष्मा सरसावला. "अगं बाई! रेघ बघा, रेघ! पट्टीनं मारल्यासारखी." ती इतर बायकांकडे वळली. "माझ्या दादाचा हात आहे हा. शाळेत माझे सगळे नकाशे यानं काढून दिलेत. अजून तस्सा आहे बघा हात!" बायका जमल्या. वा वा, कमाल आहे, इस उमर में भी. आणि नणंद रोबोट घेऊन सरळ यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "दादा, तुझा हात काय सुरेख आहे रे अजून."

यांनी चष्मा लावला. रोबोटकडे बघितलं. एखादा कच्चा नकाशा तपासावा तसं, वरून खाली. चाळीस वर्षं हा माणूस रेघा बघत आला. कुठली कुणाच्या हातची ते दारातून ओळखायचा.

मग माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझ्या हातात खिरापतीचं ताट होतं, मी त्यात बघायला लागले.

उपरण्याखालून उजवा हात बाहेर आला. चाळीस बायकांपुढे. त्यानं नणंदेच्या हातातून रोबोट घेतला, आणि रोबोटचे प्लास्टिकचे हात खडखड वाजायला लागले. खोलीतलं बोलणं थांबलं, म्हणून तो आवाज जास्तच मोठा झाला. मी ताट ठेवून पुढे धावणार होते. यांनी डाव्या हातानं मला थांब म्हणून खूण केली. आणि रोबोट उलटा फिरवला. पाठ सगळ्यांकडे केली. वळसे घेत गेलेली जाड-पातळ लाल रेघ.

"पुढची रेघ हिची आहे," हे म्हणाले. "माझी ही."

कुणी हसलं नाही.

"दादा, हात..." नणंद म्हणाली.

"थरथरतो. कंपवात आहे मला, तीन वर्षं झाली." आवाज अगदी साधा होता. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तसा. "हिनं तुला सांगितलं नाही?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. बीपी, गुडघा, ऊन, सगळी कारणं जिभेवर होती. यांच्या तोंडाकडे बघितलं तर तिथं राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. यांना खरंच वाटत होतं की मी सांगितलंय. बहिणीला सगळं ठाऊक आहे आणि तरी ती आतल्या खोलीत डोकावत नाही, असं धरून हा माणूस दोन वर्षं शाल पांघरून पडला होता. आणि "नको जायला कुठे" हे त्या ऑटोत कोण म्हणालं होतं? हे नव्हते म्हणाले.

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "मला लाज वाटत होती."

इतकी वर्षं या घरात महालक्ष्म्या बसतात, त्यांच्यापुढे मी इतकं खरं कधी बोलले नव्हते.

नणंद मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. ती तिच्या त्या मोडक्या गुडघ्यांवर, सतरंजीवर, यांच्या खुर्चीपुढे हळूहळू खाली बसली. "मला वाटलं तू रागावलायस माझ्यावर," ती म्हणाली. "दोन भाऊबिजा आला नाहीस. मी आठवत बसायची रे, आपण काय बोललो असू याला? काय चुकलं आपलं?" आणि ती रडायला लागली. पासष्ट वर्षांची बाई, सगळ्यांदेखत, नाक पदरानं पुसत.

"वेडी आहेस," हे म्हणाले.

तिनं रोबोट त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवला आणि तो थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिच्या हातांतही थरथरतच राहिला. तिनं तो थांबवायचा प्रयत्न केला नाही, दाबला नाही, झाकला नाही. नुसता धरून बसली. यांनीही तो काढून घेतला नाही.

मी तिथंच उभी होते, ताट हातात घेऊन. दोन वर्षांत त्या हातात मी गोळी दिली होती, चमचा दिला होता, ब्रश दिला होता. तो हात एकदाही नुसता हातात घेतला नव्हता.